पीएसएमएस मेदान: दीड लाख प्रेक्षकांसमोर फायनल जिंकलेला क्लब आज दुसऱ्या श्रेणीत का?

पेठेतला_फॉरवर्ड:

नमस्कार मंडळी. मी मूळचा कोल्हापूरचा, सध्या केमिकल टँकरवर थर्ड इंजिनियर आहे. आमच्या इंजिन रूममध्ये इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या मेदान शहराचा एक ऑइलर आहे. ड्युटी संपली की गडी हिरवी जर्सी चढवतो. छातीवर तंबाखूची पानं आणि फूल असलेलं चिन्ह, क्लबचं नाव पीएसएमएस मेदान. त्याचं म्हणणं, १९८५ साली त्यांची फायनल जकार्तात दीड लाख लोकांनी मैदानात बसून बघितली. वर असंही म्हणतो की क्लब उभा करण्यात ‘तुमच्या लोकांचाही’ हात होता.

मी बघितलं तर क्लब दुसऱ्या श्रेणीत आहे. नुसता भूतकाळाचा अभिमान म्हणावा, तर तो बोलतो फार पोटतिडकीने. म्हणून विचारतो: दीड लाखाचा आकडा खरा आहे का? असा क्लब एवढा खाली कसा आला? आणि ‘आमचे लोक’ म्हणजे नेमके कोण? सविस्तर लिहिलंत तरी चालेल, पुढचं बंदर लांब आहे.

बेलावनकर:

तुमचा ऑइलर खरं बोलतोय.

मी बेलावन बंदरात पाम तेलाच्या कार्गोचा सर्व्हेयर होतो. भारतात येणाऱ्या तेलाची अलेज (टाकीत तेलाच्या वर उरलेली रिकामी जागा) मोजायची, तापमान घ्यायचं, नमुन्याच्या बाटल्यांना सील लावायचं, हे काम. बेलावन हे मेदानचं बंदर, राहायला मी शहरातच होतो. एका सहकाऱ्याने तेलादान स्टेडियमवर सामना बघायला नेलं आणि तेव्हापासून मी हिरव्या जर्सीचा झालो. त्यामुळे लांबेल, वाचून घ्या.

आधी ‘आमचे लोक’. पीएसएमएस म्हणजे मेदान आणि आसपासच्या भागाची फुटबॉल संघटना. स्थापना २१ एप्रिल १९५०. शहरातल्या सहा क्लबांनी मिळून ती उभी केली: अल वतन, सहाता, मेदान पुत्रा, मेदान स्पोर्ट, डेली मात्सखापाय आणि सहावा, इंडियन फुटबॉल टीम. हो, हेच त्या क्लबचं नाव. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात डचांनी मेदानच्या आसपास, म्हणजे डेली प्रांतात, तंबाखूचे मळे काढले. त्या पानाला युरोपात सिगारच्या बाहेरच्या वेष्टनासाठी सोन्याचा भाव होता. मळ्यांवर राबायला चिनी आणले, जावा बेटावरून माणसं आणली आणि मद्रासकडून तमिळ मजूर आणले. मागोमाग शीख आले. कुणी पहारेकरी झाले, कुणी गाई पाळून दूध विकू लागले. आजही मेदानमध्ये कांपुंग मद्रास नावाचा भाग आहे, १८८४ सालचं मारिअम्मन मंदिर आहे, गुरुद्वारा आहे. या मंडळींची मुलं फुटबॉल खेळायची, त्यांचा क्लब होता, आणि शहराची संघटना काढायची वेळ आली तेव्हा तो बरोबरीने बसला. शेजारी कोण? तर डेली मात्सखापाय, म्हणजे खुद्द तंबाखू कंपनीचा संघ. ज्या कंपन्यांच्या मळ्यांवर मजूर राबले, त्यातल्याच एका कंपनीच्या क्लबाबरोबर त्या मजुरांच्या शहरातला भारतीय क्लब एका टेबलाशी बसला. मला या क्लबच्या इतिहासातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते, कुठल्याही कपापेक्षा मोठी. चिन्हावरची तंबाखूची पानं बघताना हे आठवावं.

टोपणनाव ‘आयाम किनांतान’. किनांतान म्हणजे मलय लोककथांमधला पांढराशुभ्र झुंजीचा कोंबडा. खेळही तसाच. मेदानच्या खेळाला तिथे ‘रॅप-रॅप’ म्हणतात: वेगवान, अंगावर येणारा, टॅकलमध्ये पाय मागे न घेणारा. पन्नासच्या दशकात ऑस्ट्रियाचा ग्राझर एके, हाँगकाँगचा कौलून मोटर बस असे परदेशी संघ हरवल्यामुळे वर्तमानपत्रांनी यांना ‘द किलर’ म्हणायला सुरुवात केली होती.

आता रचना समजून घ्या, कारण पडझडीचं कारण तिच्यातच आहे. तेव्हा इंडोनेशियात ‘पर्सेरिकातान’ नावाची स्पर्धा होती. तीत क्लब खेळत नसत, शहरांच्या संघटना खेळत. तुम्ही कोल्हापूरचे आहात म्हणून सांगतो: समजा पाटाकडील, शिवाजी, बालगोपाल, दिलबहार या सगळ्यांनी वर्षभर आपसांत लीग खेळायची, त्यातून निवडलेल्या पोरांचा एकच कोल्हापूर संघ करायचा आणि तो मुंबई, पुणे, नागपूरशी भिडणार. पीएसएमएस म्हणजे हे. खेळाडू हौशी, नोकरी दुसरीकडे कुठेतरी, आणि खर्चाचा मोठा भार नगरपालिकेच्या तिजोरीवर.

या स्पर्धेत मेदान १९६७ ला पहिल्यांदा विजेता ठरला. त्याच वर्षी ढाक्यात, म्हणजे तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, आगा खान गोल्ड कपही जिंकला. मग १९७१, १९७५, १९८३, १९८५. १९७५ ची फायनल पर्सिजा जकार्ताविरुद्ध होती. खेळाडूंत हाणामारी झाली, सामना पहिल्या हाफमध्येच थांबवावा लागला आणि शेवटी दोघांना मिळून विजेते ठरवलं. राष्ट्रीय संघात मेदानची माणसं कायम असायची. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये इंडोनेशियाने विख्यात गोलरक्षक लेव्ह याशिनच्या सोव्हिएत संघाला ०-० असं रोखलं, त्या पथकात रामलान यातिम होता. गोलरक्षक रॉनी पास्ला मेदानचाच. १९७२ मध्ये पेलेचा सान्तोस संघ जकार्तात आला तेव्हा या माणसाने पेलेची पेनल्टी अडवली. सामना सान्तोसने ३-२ जिंकला, पण मेदानमध्ये स्कोअर कुणी सांगत नाही, पेनल्टी सांगतात.

आणि १९८५. दोन वर्षं आधी, १९८३ च्या फायनलमध्ये मेदानने पर्सिब बांदुंगला पेनल्टीवर हरवलं होतं. गोलरक्षक पोनिरिन मेका त्या दिवशी मेदानचा हिरो झाला. पर्सिबला परतफेड करायची होती. बांदुंग जकार्तापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास, त्यामुळे अख्खा पश्चिम जावा जकार्ताच्या सेनायान स्टेडियमकडे निघाला. मेदानहून समुद्र ओलांडून आलेले लोक होतेच, शिवाय जकार्तात स्थायिक झालेले मेदानकडचे बाताक आणि मलय लोक. तारीख २३ फेब्रुवारी १९८५. स्टेडियमची क्षमता १,१०,००० च्या घरात आणि आत दीड लाख माणूस. गॅलरी भरली, धावपट्टी भरली, माणसं टचलाइनला लागून बसली. फोटो बघा: कॉर्नर घेणाऱ्याला मागे सरकायला जागा नाही. आशियाई फुटबॉल महासंघाच्या प्रकाशनात हौशी फुटबॉलमधली सर्वांत मोठी गर्दी म्हणून याच सामन्याची नोंद आहे. मेदान २-० पुढे गेला, पर्सिबने दुसऱ्या हाफमध्ये २-२ केलं, ज्यादा वेळेतही तोड निघाली नाही आणि पेनल्टीवर मेदान पुन्हा २-१ ने जिंकला.

घसरण कशी झाली ते रात्री लिहितो, आता कामावर जायचंय.

स्टॅट्स_आणि_चहा:

उत्तम माहिती. एक भर घालतो. १९७० साली तेहरानला आशियाई क्लब विजेत्यांची स्पर्धा झाली, तीत पीएसएमएस खेळला होता. भारताकडून तिथे पश्चिम बंगालचा संघ गेला होता. पीएसएमएस उपांत्य फेरीत पोचला, तिथे इराणच्या ताजकडून हरला. ताज म्हणजे आजचा एस्तेगलाल. तोच पुढे विजेता झाला. तिसऱ्या क्रमांकाच्या सामन्यात लेबनॉनच्या होमेनेतमेनने हरवल्यामुळे पीएसएमएस चौथा. आशियातला चौथा क्लब, हे साधं नाही.

अनघा_ठाणे:

माहिती रंजक आहे, पण मला एक शंका आहे. हौशी काळात शहरांच्या संघटना खेळायच्या, म्हणजे व्यावसायिक क्लब मैदानात नव्हतेच. मग त्या विजेतेपदांचं आजच्या लीगच्या तुलनेत मोल किती? गर्दी झाली म्हणजे दर्जा होता असं नाही. तेव्हा इंडोनेशियात वेगळी व्यावसायिक लीगही होती असं वाचलंय.

बेलावनकर:

अनघाताई, प्रश्न रास्त आहे. १९७९ पासून ‘गालातामा’ नावाची निमव्यावसायिक लीग समांतर चालू होती. तीत उद्योगपतींचे क्लब होते. मेदानचाही होता, कापड उद्योगातले बडे प्रस्थ टी. डी. पार्देदे यांचा पार्देदेटेक्स. पैसा तिकडे जास्त, खेळाडूही चांगले. पण सट्टा आणि लाचखोरीची प्रकरणं निघाली, लोकांचा विश्वास उडाला आणि मैदानं ओस पडली. पार्देदेटेक्स १९८४ मध्ये बाहेर पडला. म्हणजे व्यावसायिक क्लब रिकाम्या गॅलरीपुढे खेळत होते त्याच काळात हौशी मेदान आणि बांदुंग दीड लाखांपुढे खेळले. दर्जाचं म्हणाल तर पेलेची पेनल्टी अडवणारा गोलरक्षक याच हौशी व्यवस्थेतून आला. गर्दी म्हणजे दर्जा नव्हे, हे मान्य. पण लोक शहराच्या नावाला येत होते, मालकाच्या नावाला नाही, आणि क्लबची ताकद तीच होती.

१९९४ मध्ये दोन्ही स्पर्धा एकत्र करून लिगा इंडोनेशिया सुरू झाली. इथून पीएसएमएसला परदेशी खेळाडू, करार, पगार हे सगळं करावं लागलं, पण पैसा पूर्वीसारखाच सरकारी तिजोरीतून येत राहिला. खाली शहरातल्या क्लबांची लीग चालायची, जिथून खेळाडू तयार व्हायचे, तिच्याकडे दुर्लक्ष झालं. बाहेरून तयार खेळाडू आणणं सोपं होतं. माझ्या मते खरा घात इथे झाला. लोक २०११ नंतरच्या भांडणांना दोष देतात, पण मुळं आधीच सुकली होती.

तरी एक शेवटची झळाळी आली. २००७ च्या मोसमात मेदानची पोरं पुन्हा चमकली. गोलरक्षक मार्कुस होरिसन, डाव्या बाजूचा माह्यादी पांगाबेआन, पुढे साक्तियावान सिनागा. हे तिघेही त्या वर्षीच्या आशियाई कप स्पर्धेत इंडोनेशियाकडून निवडले गेले होते. क्लब फायनलला पोचला. फेब्रुवारी २००८, बांदुंगजवळचं जालाक हारुपात स्टेडियम, समोर पालेम्बांग शहराचा श्रीविजय क्लब. ज्यादा वेळेत ३-१ ने हरले.

पुढच्याच मोसमात इंडोनेशिया सुपर लीग आली आणि तिच्या नियमांत तेलादान बसेना. तेलादान १९५३ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेसाठी बांधलेलं, दिवे जुने, सोयी जुन्या. घरचे सामने दूर जावा बेटावर जाऊन खेळायचे! ज्या संघाची निम्मी ताकद गॅलरीत बसते त्याला शहराबाहेर काढलं. मोसम संपला तो सुराबायाच्या पर्सेबाया क्लबशी प्ले-ऑफमध्ये पेनल्टीवर हरून, आणि क्लब खाली गेला. त्याच २००९ मध्ये हा संघ एएफसी कप या आशियाई क्लबांच्या स्पर्धेच्या बाद फेरीतही पोचला होता. त्या वर्षातलं हे दुसरं टोक मेदानचे लोक विसरत नाहीत.

२०११ ला इंडोनेशियन फुटबॉलमध्येच फूट पडली. दोन लीग, दोन गट, आणि पीएसएमएस नावाचे दोन संघ, एक या लीगमध्ये, दुसरा त्या लीगमध्ये. एका शहरात दोन हिरव्या जर्स्या! त्याच सुमारास व्यावसायिक क्लबांना सरकारी अंदाजपत्रकातून पैसे द्यायला बंदी आली. बंदी योग्यच होती, तो पैसा रस्ते आणि दवाखान्यांचा. पण क्लबला दुसऱ्या उत्पन्नाची सवयच नव्हती. २०१३ मध्ये महिनोन्‌महिने पगार थकलेले खेळाडू जकार्ताला गेले आणि राष्ट्रीय संघटनेच्या कार्यालयाच्या दारात बसले.

पुढचं थोडक्यात. २०१५ ला फिफाने इंडोनेशियावर बंदी घातली, त्या मधल्या काळातली स्वातंत्र्य चषक स्पर्धा मेदानने जिंकली. २०१७ ला दुसऱ्या श्रेणीच्या फायनलमध्ये पर्सेबायाकडून ३-२ हरूनही वर चढले. तेव्हा प्रशिक्षक होते जाजांग नुर्जामान, म्हणजे ऐंशीच्या दशकात पर्सिबकडून खेळलेला माणूस! जुन्या वैऱ्याने मेदानला वर नेलं आणि मेदानने त्याला डोक्यावर घेतलं. २०१८ ला तळाला राहून परत खाली. २०२२ मध्ये मलंगच्या कांजुरुहान स्टेडियममध्ये चेंगराचेंगरीत १३५ माणसं गेली, स्पर्धा थांबल्या, आणि दुसऱ्या श्रेणीचा तो मोसम पुढे रद्दच झाला. त्या मृत्यूंपुढे कुणाच्या बढतीची चर्चा करावी असं मला वाटत नाही.

पेठेतला_फॉरवर्ड:

बेलावनकर दादा, मनापासून आभार. ऑइलरला इंडियन फुटबॉल टीमचं नाव सांगितलं तर त्याने हातच मिळवला. एक विचारायचं राहिलं: दुसऱ्या श्रेणीच्या सामन्याला तेलादानमध्ये लोक येतात का? वातावरण कसं असतं?

बेलावनकर:

येतात. मी गेलो त्या संध्याकाळी मेदानचा नेहमीचा पाऊस होता, चार वाजता आभाळ फाटलं आणि सहाला थांबलं. धावपट्टीवर पाणी साचलेलं, सिमेंटच्या पायऱ्या ओल्या. नंबराच्या खुर्च्या वगैरे आमच्या बाजूला नव्हत्या. लोक वर्तमानपत्र पसरून बसले. उकडलेल्या शेंगा विकणारी बाई पायऱ्यांवरून वर-खाली करत होती, कागदाच्या पुडीत गरम शेंगा, टरफलं पायाशीच टाकायची. एका बाजूला स्मेक हूलिगन नावाच्या समर्थक गटाची पोरं ढोल बडवत होती. नावावर जाऊ नका, माझ्यासारख्या परक्याला त्यांनी सरकून जागा दिली.

माझ्या शेजारी एक साठीचे गृहस्थ होते, बेतोर चालवणारे. बेतोर म्हणजे मोटारसायकलला बाजूला गाडा जोडलेली मेदानची रिक्षा. मी भारतीय आहे कळल्यावर त्यांनी पहिला प्रश्न विचारला, “कांपुंग मद्रासचा का?” मी मुंबईचं सांगितलं. मग हाफ टाइममध्ये त्यांनी १९८३ चा संघ म्हणून दाखवला. एकेक नाव, आणि प्रत्येक नावामागे तो खेळाडू शहरातल्या कुठल्या क्लबातून आला ते. पोनिरिनपाशी आले तेव्हा त्या ओल्या पायरीवर उभे राहून डावीकडे झेप कशी घेतली ते दोन्ही हातांनी दाखवलं. आत्ता मैदानात खेळणाऱ्या अकरांतले मेदानचे किती, असं मी विचारलं. ते बोटांवर मोजायला लागले आणि एका हातावरच थांबले.

अनघाताई, विजेतेपदांच्या मोलाबद्दल तुम्ही विचारलं होतं. त्या बेतोरवाल्या काकांना १९८३ चे अकरा खेळाडू त्यांच्या मोहल्ल्यासकट पाठ होते. इतक्या वर्षांनी. मला तरी याहून चांगलं माप सापडलेलं नाही.

अनघा_ठाणे:

हे पटलं. मग मार्ग काय? सरकारी पैसा नको, स्थानिक लीग मोडलेली, मग क्लब वर येणार कसा?

बेलावनकर:

माझं मत ठाम आहे. आधी शहरातल्या क्लबांची लीग नियमित सुरू करा. वयोगटांच्या स्पर्धा घ्या. मेदानच्या आजूबाजूला पाम आणि रबराच्या मळ्यांच्या वसाहती आहेत, प्रत्येक वसाहतीला एक मैदान आहे, संध्याकाळी पोरं अनवाणी खेळताना मी रोज बघायचो. खेळाडू तिथे आहेत. एखादा प्रायोजक येईल, परदेशी स्ट्रायकर आणेल, क्लब एका वर्षात वर जाईल आणि २०१८ सारखा पुढच्या वर्षी खाली येईल. हे दोनदा बघून झालंय. दुसऱ्या श्रेणीत आणखी पाच वर्षं राहिला तरी चालेल, पण अकरातले सात-आठ गावचे असू देत.

मैदानाचं म्हणाल तर तेलादान पाडून नव्याने बांधायला घेतलं. त्या काळात संघ शेजारच्या डेली सर्दांग जिल्ह्यात, लुबुक पाकामच्या मैदानावर खेळत होता. शहराबाहेर, पण निदान सुमात्रातच.

पेठेतला_फॉरवर्ड:

आमचं जहाज पुढच्या फेरीत बेलावनला लागण्याची शक्यता आहे. शोअर लीव्ह मिळाली तर सामना बघता येईल का?

बेलावनकर:

जरूर बघा. आधी ऑइलरला घरच्या सामन्याची तारीख आणि मैदान विचारून घ्या, कारण दुसऱ्या श्रेणीचं वेळापत्रक ऐन वेळी बदलतं. बेलावनहून मेदान पंचवीसेक किलोमीटर आहे, पण संध्याकाळी कंटेनरच्या गाड्यांमुळे रस्ता तुंबतो. लवकर निघा. सामना दुपारी असेल तर आधी कांपुंग मद्रासला उतरून जेवून घ्या, इडली-डोशापासून मार्ताबाकपर्यंत (सारण भरलेला पराठा) सगळं मिळतं. हिरवं काहीतरी अंगात घाला. आणि ऑइलरच्या वडिलांना किंवा काकांना बरोबर घेता आलं तर नक्की घ्या. सामना सुरू होण्याआधी त्यांना एवढंच विचारा की त्यांच्या मोहल्ल्याचा क्लब कोणता होता. पुढचा तासभर तुम्हाला काही बोलावं लागणार नाही.